अरण्य, ताओ आणि आपली विश्रांति

आपल्या सुशिक्षित मध्यम वर्गांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत एका नव्या यात्रेची चाल पडली आहे. जुन्या यात्रेंत देव होता, वाट होती, पायांना फोड होते आणि परतल्यावर मावंदें होतें. नव्या यात्रेंत यांपैकीं कांहीं लागत नाहीं. आठवड्याच्या अखेरीस मोटारींत बसावें, दूरचें एखादें तळें किंवा रान गांठावें, तेथें सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून घटकाभर बसावें, आणि सोमवारीं कचेरींत येऊन सांगावें कीं, चित्त अगदीं निवून आलें. योग हा शब्द आतां फार वापरून झिजला. म्हणून या यात्रेसाठीं अलीकडे चीनमधून एक नवें नांव आणण्यांत आलें आहे. तें नांव म्हणजे ताओ. झाडाखालीं बसणें म्हणजे ताओ, कांहीं न करणें म्हणजे ताओ, जें होईल तें होऊं देणें म्हणजे ताओ! लाओत्से आणि चुआंगत्से यांच्या ग्रंथांचें एक पानहि न चाळतां, त्यांच्या नांवानें शांतीची उसनवारी करण्याचा हा व्यवहार जोरांत चालला आहे.

या व्यवहाराच्या बुडाशीं एक सिद्धान्त आहे, आणि आमचा झगडा त्या सिद्धान्ताशीं आहे. तो असा कीं, रम्य स्थळीं मनुष्य जाऊन बसला म्हणजे स्थळाची शांति आपोआप त्याच्या अंतःकरणांत उतरते, जशी ओल्या भिंतीची ओल शेजारच्या भिंतींत उतरते. हा सिद्धान्त ताओपंथाचा नाहीं, आपल्या संतांचा नाहीं, आणि ज्या रानांत जाऊन तो आचरला जातो त्या रानाचा तर मुळींच नाहीं. हें दाखविण्यासाठीं आम्ही एक ठिकाण डोळ्यांपुढें ठेवतों. काश्मीर किंवा केदार मुद्दाम टाळून आम्ही आपल्याच राज्याच्या पूर्व टोकाचें एक खेडें निवडलें आहे, कारण हिमालयाविषयीं बोलूं लागलें कीं वाचकाची विवेकबुद्धि धुक्यांत जाते.

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यांत चोरखमारा नांवाचें गांव आहे. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हा भाग भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. गांवाजवळ विस्तीर्ण तलाव, तलावाच्या भोंवतीं टेकड्या, आणि त्यांच्या पाठीशीं नागझिऱ्याचें जंगल. नागझिरा १९७० सालीं अभयारण्य झालें. २०१३ सालीं नवेगांव आणि नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. अभयारण्यांत शिरण्याचीं जीं दारें आहेत त्यांपैकीं एक या चोरखमाऱ्याचें. साग, ऐन, धावडा, हळदू, तेंदू, मोह आणि बांबू यांचें हें रान. त्यांत वाघ, बिबट्या, अस्वल, गवा आणि ज्यांच्यासाठीं नागझिरा विशेष प्रसिद्ध आहे ते रानकुत्रे. संध्याकाळीं तलावाच्या कांठीं उभें राहिलें असतां समोरच्या टेकड्या पाण्यांत उलट्या उभ्या दिसतात, आणि कोणाहि मनुष्याला दोन क्षण बोलणें सुचत नाहीं. हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों.

परंतु ज्याला आमचा यात्रेकरू 'अस्पर्श निसर्ग' म्हणून हात जोडतो तो तलाव निसर्गानें केलेला नाहीं. तो पाटबंधाऱ्याचा तलाव आहे, इंग्रज अमदानींत मातीचा बांध घालून अडविलेला. आणि त्याचें पाणी धानासाठीं आहे. या सबंध झाडीपट्टीची तीच कथा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनीं येथें उताराचा अंदाज घेऊन, मातीची पारख करून तलाव बांधले. नवेगांवबांधाचा प्रचंड तलाव त्यांच्याच कर्तबगारीचा. आज ज्यांना सरकारी दप्तरांत माजी मालगुजारी तलाव आणि लोकांच्या तोंडीं 'मामा तलाव' म्हणतात, ते हेच. आपण ज्याला निसर्गाची शांति म्हणतों ती येथें पुष्कळ अंशीं कुदळीची आणि टोपल्याची शांति आहे. ज्याला बांध दिसत नाहीं, पाण्याचा कालवा दिसत नाहीं, खालच्या बांध्या दिसत नाहींत, आणि तरी तळें दिसतें, त्याच्या पाहण्यांतच कांहीं उणें आहे. ध्यान म्हणजे तर पाहणें!

आतां ताओच्या नांवानें जें चाललें आहे तें ताओच्याच कसोटीला लावूं.

लाओत्सेला पाणी फार प्रिय, हें सर्वांना ठाऊक आहे. परंतु कां प्रिय? तें सुंदर दिसतें म्हणून नव्हे, तर तें सर्वांच्या उपयोगीं पडतें आणि लोक ज्या सखल जागेला नाक मुरडतात त्या जागेंत जाऊन राहतें म्हणून. उंच सज्जांतून तळें न्याहाळणाऱ्यानें या दृष्टान्तांतलें काय घेतलें? फक्त पाणी घेतलें, सखलपण सोडलें. त्याच लाओत्सेनें असेंहि सुचविलें आहे कीं, दाराबाहेर पाऊल न टाकतां जग जाणतां येतें. मग त्याच्या नांवानें मोटारभाडें कशाला?

चुआंगत्से तर याहून तिखट आहे. त्याच्या नांवावर असलेल्या ग्रंथाच्या पंधराव्या प्रकरणांत निरनिराळ्या छांदिष्टांची यादी आहे. त्यांत जगाला तुच्छ लेखून डोंगर-दऱ्यांत जाऊन बसणारे आहेत, पाणथळींत जाऊन निवांत गळ टाकणारे आहेत, आणि दीर्घायुष्यासाठीं श्वास ओढीत-सोडीत अस्वला-पक्ष्यांप्रमाणें अंग ताणणारेहि आहेत. या सर्वांना ग्रंथकार एका ओळींत बसवितो आणि मग म्हणतो कीं, खरा ज्ञाता नदी-समुद्रावांचूनच निवांत असतो. बाविसाव्या प्रकरणांतलें एक स्थळ आमच्या यात्रेकरूंनीं जातांना बरोबर न्यावें असें आहे. रानावनानें मन उल्हसित होतें, हें तेथें नाकारलेलें नाहीं. परंतु तो उल्हास पुरता ओसरण्यापूर्वींच खिन्नता येते, दोहोंच्या येण्याजाण्यावर माणसाची सत्ता चालत नाहीं, आणि अशा वेळीं मनुष्य म्हणजे केवळ वस्तूंची उतरण्याची धर्मशाळा होतो, असा त्याचा भाव आहे. रविवारच्या संध्याकाळीं परतीच्या वाटेवर मोटारींत जी उदासी पसरते, तिचें वर्णन दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं होऊन गेलें आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, हे तत्त्वज्ञ झाले. प्रत्यक्ष साधना करणारे ताओपंथी तर डोंगरांतच राहत. खरें आहे, राहत. माओ-शान, हुआ-शान, वू-तांग, चुंगनान हीं नांवें त्या पंथाच्या इतिहासांतून काढून टाकतां येणार नाहींत. परंतु ते डोंगरांत कां राहत, हेंहि त्यांनींच सांगून ठेवलें आहे. चौथ्या शतकांतल्या को हुंगचेंच पाहा. रसायन आणि दीर्घायुष्य यांचा हा मोठा शोधक. त्यानें स्वच्छ लिहून ठेवलें कीं, डोंगर-जंगलांत ताओ भरून ठेवलेला नाहीं. साधक तेथें जातो तो गांवच्या मांसमद्याच्या उग्र वासापासून आणि गलबल्यापासून लांब जाण्यासाठीं. म्हणजे डोंगर कांहीं देत नाहीं, कांहीं काढून घेतो. शिवाय डोंगरांत शिरण्याविषयींचें एक आख्खें प्रकरण त्यानें लिहिलें, तें प्रवासवर्णन नव्हे, सावधगिरीची संहिता आहे. विधि न जाणतां डोंगरांत जाईल त्याच्यावर अरिष्ट येईल. अमुक महिन्यांतच शिरावें. वाघ, साप, विषारी वारें यांवर अमुक उपाय करावे. त्यांतला एक उपाय मोठा गमतीचा आहे. डोंगरांतलीं भुतें माणसाचें सोंग घेऊन येतात, परंतु आरशांत त्यांचें खरें रूप लपत नाहीं. म्हणून साधकानें नऊ इंचांहून मोठा आरसा पाठीवर टांगून जावें. आमचे यात्रेकरूहि आरसा नेतात. फरक इतकाच कीं, तो ते पाठीवर न टांगतां हात लांब करून तोंडासमोर धरतात आणि तळें मागें ठेवतात.

आठव्या शतकांतल्या सुमा छेंगचेनची साक्ष आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. हा तांग बादशहांच्या आदरास पात्र झालेला आचार्य. ६४७ ते ७३५ हा त्याचा काळ. पवित्र स्थळांची ताओपंथांतली सुप्रसिद्ध गणना त्याच्या नांवावर आहे: दहा मोठे गुहास्वर्ग, छत्तीस लहान, आणि बहात्तर पुण्यभूमि. म्हणजे स्थळमाहात्म्याचा याहून मोठा जाणकार सांपडणें कठीण. आणि याच मनुष्यानें 'बसून विसरणें' या ध्यानप्रकारावर प्रबंध लिहिला. त्यांत त्यानें सात पायऱ्या सांगितल्या आहेत. श्रद्धा, संबंध तोडणें, मन आवरणें, व्याप कमी करणें, खरें पाहणें, गाढ स्थिरता आणि शेवटीं ताओची प्राप्ति. या सातांत डोंगर ही पायरी नाहीं! ज्याला एकशें अठरा पवित्र स्थळें पाठ होतीं त्यानें ध्यानाच्या जिन्याला त्यांपैकीं एकहि दगड लावला नाहीं. चौथी पायरी मात्र आमच्या यात्रेकरूंना अडचणीची आहे. व्याप कमी करणें, म्हणजे अधिक हुद्दा, अधिक द्रव्य, अधिक वस्तु यांची हांव सोडणें. ती पायरी शनिवार-रविवारीं चढतां येत नाहीं.

पुढें बाराव्या शतकांत 'संपूर्ण सत्य' पंथ स्थापन करणारा वांग छुंगयांग झाला. यानें चुंगनान पर्वताच्या परिसरांत राहून काय केलें? जमिनींत खड्डा खणला, त्यावर मातीचा ढीग रचला, त्याला जिवंत मुडद्याचें थडगें असें नांव दिलें आणि त्यांत कांहीं वर्षें काढलीं. भोंवतीं चीनमधला सर्वांत नांवाजलेला तपोवनांचा प्रदेश, आणि साधक मातीच्या पोटांत! त्याच्या नांवावर पंधरा नियमांचें एक लहानसें प्रकरण चालत आलें आहे. त्यांतला दुसरा नियम भ्रमंतीचा. भ्रमंती दोन प्रकारची असते असें तेथें सांगितलें आहे. एक प्रकार डोंगर-पाण्याची शोभा, फुलाझाडांचे रंग, शहरांचा थाट पाहण्याचा. अशानें हजारों कोस तुडविले तरी तो खोटा भ्रमणकर्ता. दुसरा प्रकार आपलें स्वरूप आणि जीवित शोधीत, गुरूचा पत्ता काढीत, खडतर वाटा तुडविण्याचा, तो खरा. शेवटच्या नियमांत असेंहि सांगितलें आहे कीं, संसार सोडणें म्हणजे देहानें दूर जाणें नव्हे. आमच्या मतें येथें वादाचा निकाल लागला. ताओच्या नांवानें निसर्गशोभेची सहल काढणाऱ्याला ताओपंथानेंच आठशें वर्षांपूर्वीं खोटा ठरवून ठेवलें आहे.

इतकें वाचून दुसऱ्या बाजूचा एक वर्ग टाळ्या पिटील. तो वर्ग आपल्याकडे जुना आहे. मन शुद्ध असेल तर घरच्या काथवटींत गंगा, स्थळकाळाचें काय घेऊन बसलांत, असें म्हणणारा. त्यालाहि आम्ही दोन शब्द सुनावणार आहों, कारण या वर्गाच्या सुभाषितामागें बहुतेक वेळां आळस लपलेला असतो. स्थळ उपेक्षणीय असतें तर ज्ञानेश्वरांनीं सहाव्या अध्यायांत योग्याच्या आसनाच्या जागेसाठीं इतक्या ओंव्या खर्चिल्या नसत्या. गीतेंत 'शुचि देश' एवढाच उल्लेख. ज्ञानेश्वरांनीं त्याचें एक सबंध रान उभें केलें. तेथें बसलें असतां उठावेंसें वाटूं नये, वैराग्य दुणावावें, वाट चुकून आलेल्या नास्तिकालाहि तप करावेंसें वाटावें. झाडें मुळांपासून गोड असावीं, पावसाळ्यांतहि निर्मळ असें पाणी पावलोंपावलीं असावें, ऊन कोंवळें, वारा मंद. आणि मग पक्ष्यांची मोजदाद पाहण्यासारखी आहे. पोपट नको, भुंगा नको. पाण्यालगत थोडे हंस चालतील, दोन-चार सारस चालतील, कोकिळ एखाद्या वेळीं येऊन बसला तर बसो, मोर नेहमीं नसावे, आले तर नको म्हणूं नये. ज्यानें हें लिहिलें त्यानें अशा जागीं बसून, कोणता आवाज मनाला ओढतो आणि कोणता ओढीत नाहीं, याचा हिशेब ठेवला होता यांत संशय नाहीं. हें भावुक निसर्गवर्णन नव्हे. प्रयोगशाळेची मांडणी आहे.

अर्वाचीन शास्त्राचीहि साक्ष या बाबतींत बरीच अनुकूल आहे. रॉजर उलरिच या संशोधकानें १९८४ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत पेनसिल्व्हानियांतील एका रुग्णालयाच्या दहा वर्षांच्या नोंदी तपासून प्रसिद्ध केल्या. पित्ताशयावर शस्त्रक्रिया झालेले तेवीस रोगी असे कीं ज्यांच्या खिडकींतून झाडें दिसत. तेवीस असे कीं ज्यांना विटांची भिंत दिसे. झाडें दिसणारे लवकर घरीं गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकें कमी लागलीं. पुढें १९८९ सालीं रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्यानें असा विचार मांडला कीं, शहरांत आपलें अवधान सतत ताणून धरावें लागतें म्हणून तें थकतें. पानांची सळसळ, पाण्यावरची लहर, ढगांचें सरकणें यांकडे तें ताण न पडतां जातें, आणि म्हणून विसांवतें. हें सर्व आम्ही मानतों. पण यांतून काय सिद्ध झालें? थकलेलें अवधान ताजें होतें, एवढेंच. विळ्याला धार लावणें वेगळें आणि धान कापणें वेगळें. विळा पाजळून कोणी तो खुंटीला टांगून ठेवला आणि कापणी झाली म्हणूं लागला, तर त्याच्या घरांत तांदूळ येणार नाहींत.

तेव्हां स्थळाचा परिणाम होतो हें खरें; प्रश्न आहे तो कसा होतो हा. आमचें उत्तर असें आहे कीं, तो सौंदर्यानें फारच थोडा आणि अडथळ्यानें पुष्कळ होतो. चोरखमाऱ्याच्या रानांत शांतता असते, असें ज्याला वाटतें त्यानें तें रान ऐकलेलेंच नाहीं. दिवस कलूं लागला कीं तेथें बातम्यांचा बाजार सुरू होतो. वानर झाडाच्या शेंड्यावरून इशारा देतें, चितळ तो उचलतें, दूर कोठें भेकर भुंकतें. आणि ज्याला ती भाषा कळते त्याला वाघ न दिसतां त्याची चाल दिसते. अशा जागीं डोळे मिटून 'सर्व कांहीं एकच आहे' असें पुटपुटणाऱ्याला रान विचारीत नाहीं. तें विचारतें, तूं आतां काय ऐकलेंस? मनाची बडबड तेथें थांबते ती प्रसन्नतेनें नव्हे. बडबड चालू ठेवणें तेथें परवडत नाहीं म्हणून. को हुंगच्या वाघांचा आणि विषारी वाऱ्यांचा अर्थ हा आहे. व्यंकटेश माडगूळकरांनीं याच रानांत मुक्काम करून 'नागझिरा' लिहिलें. त्यांनीं ध्यानाचा आव कोठेंहि आणला नाहीं, एक एक प्राणी, एक एक पायवाट नुसती पाहिली. मारुती चितमपल्लींनीं नवेगांवाकडे वनखात्याच्या नोकरींत वर्षें काढून पक्ष्यांच्या संवयी टिपल्या. ताओचें नांव न घेतां हे दोघे लेखक ताओपंथीयांच्या 'खरें पाहणें' या पायरीच्या जितके जवळ गेले, तितका जवळ जाणारा ध्यानशिबिरांतला एकहि मनुष्य आमच्या पाहण्यांत नाहीं.

आणि यात्रेकरूला हाच अडथळा नको असतो. त्याला डांस नको, भीति नको, उकाडा नको, गांवच्या लाउडस्पीकरचा आवाज नको. कां नको, याचें उत्तर त्याच्याजवळ तयार असतें: ध्यानांत व्यत्यय येतो. मग जागेची साफसफाई सुरू होते. तळ्याच्या कांठीं तारेचें कुंपण येतें, हिरवळ लावली जाते, तिच्यावर पाण्याचे फवारे उडतात, गुरें वळवून दुसरीकडे नेण्यास सांगितलें जातें. रानाला रानपणापासून मोकळें केल्यावर जें उरतें त्याला मग निसर्ग म्हणतात. नागझिऱ्याच्या भोंवतीं हें कितपत होईल तें सांगतां येत नाहीं. महाबळेश्वर-लोणावळ्याकडे काय झालें तें मात्र सर्वांच्या समोर आहे.

या साफसफाईंत पहिला बळी जातो तो तेथल्या माणसाचा. मार्च-एप्रिलमध्यें मोहाचीं फुलें गळूं लागलीं म्हणजे या भागांतल्या बाया पहांटेच टोपल्या घेऊन निघतात. मोहफूल अस्वलालाहि प्रिय, आणि अंधुक उजेडांत झाडाखालीं दोघांची गांठ पडण्याचा संभव नेहमींचा. ती बाई वांकून फुलें वेचीत असते तेव्हां तिचे कान कोठें असतात, डोळे कोठें असतात, श्वास कसा चालतो, याचा अभ्यास ध्यानाच्या गुरूंनीं एकदां करावा. तिला कोणी योगिनी म्हटलें तर ती हंसेल, आणि हंसावेंच. तिला पोटाची काळजी आहे, मोक्षाची नाहीं. तिच्या दारिद्र्याला आध्यात्मिक झालर लावण्याचा आमचा बिलकुल हेतु नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या जागेंत ही बाई 'व्यत्यय' ठरते त्या जागेंत जें चालतें त्याला ताओ म्हणूं नये.

ज्ञानेश्वरांच्या दोन-चार सारसांचेंच पाहा ना. महाराष्ट्रांत सारस आज उरला आहे तो मुख्यतः याच गोंदिया-भंडाऱ्याच्या प्रदेशांत. आणि तो घरटें कोठें करतो? घनदाट अरण्यांत नाहीं. पावसाळ्यांत, धानाच्या बांधींत, गुडघाभर पाण्यांत, रोवणी झालेल्या पिकाच्या मध्यें. घरट्यासाठीं तो पिकाचा थोडा भाग मोडतो. शेतकऱ्यानें तेवढी नुकसानी सोसली तर पिलें निघतात, न सोसली तर नाहीं. योग्याच्या आसनाशेजारीं ज्ञानेश्वरांनीं ठेवलेला तो पक्षी अशा रीतीनें शेतकऱ्याच्या सोशीकपणावर जगतो आहे. तलावांत गाळ साचला, कालवे फुटले, धान परवडेनासें झालें, तर सारस जाईल. आणि मग तळ्याकांठीं कितीहि मंडळी पद्मासन घालून बसलीं तरी तो परत यावयाचा नाहीं.

याच जिल्ह्यांत, सालेकसा तालुक्यांत, कचारगडच्या गुहा आहेत. गोंड समाजाच्या धर्मकथेंत या गुहांचें स्थान सर्वांत मोठें; त्यांचा पुराणपुरुष पारी कुपार लिंगो याच्या कथा या डोंगराशीं निगडित आहेत. माघ पौर्णिमेला तेथें अनेक राज्यांतून गोंड लोक जमतात, हजारोंनीं जमतात. दाट रान, प्रचंड गुहा, आणि तेथें काय चालतें? ढोल वाजतात, गाणीं होतात, कुळांच्या सगेपणाची उजळणी होते; अमक्या कुळानें अमक्या झाडाला, अमक्या प्राण्याला धक्का लावूं नये, ही मर्यादा पुढच्या पिढीला सांगितली जाते. एकांत नाहीं, मौन नाहीं. आणि तरी डोंगराशीं इतकें दृढ नातें आमच्या मौनी यात्रेकरूंनीं कोठें जोडलेलें ऐकिवांत नाहीं. स्थळाचा परिणाम मनुष्यावर होण्यापूर्वीं मनुष्यानें स्थळाचें कांहीं देणें मानावें लागतें, ही गोष्ट गोंडांना ठाऊक आहे.

आपल्या मराठी परंपरेंत याचा एक साधा, रोजच्या आचाराचा नमुना आहे. महानुभावांच्या आचारधर्मांत अटन, विजन, भिक्षा यांना स्थान आहे. विजन म्हणजे गांवाबाहेर एकांतीं जाऊन नामस्मरण करीत बसणें. आणि भिक्षा म्हणजे पुन्हां त्याच गांवांत, दारोदार. एकाच दिवसाच्या दोन बाजू. गांवाबाहेरच्या झाडाखालीं कमावलेलें चित्त गांवांतल्या दारावर, शिळ्या भाकरीपुढें आणि उद्धट शब्दापुढें टिकतें कीं नाहीं, याची परीक्षा त्याच दिवशीं होत असे. विजनासाठीं दूर देशीं जावें लागत नव्हतें; गांवाच्या कांठाला तेवढी जागा शिल्लक होती.

ती जागा आपण कोठें घालविली, हा खरा प्रश्न आहे, आणि चोरखमाऱ्याला जाण्याच्या हौशींत तोच बुडून जातो. मुंबईचा धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक यांचीं नुसतीं नांवें उरलीं; तळीं बुजून गेलीं. पुण्यांत पर्वतीच्या पायथ्याचें पेशव्यांचें तळें आटवून तेथें बाग झाली. नागपुरास लेंडी तलाव अतिक्रमणानें आक्रसला. आपल्या दारचें तळें बुजवितांना जो वर्ग सभेला सुद्धां गेला नाहीं, तोच वर्ग आतां दुसऱ्याच्या दारच्या तळ्यावर शांति शोधीत येतो. आणि येतांना तिरोड्यावरून येतो. तिरोड्यालाच कोळशावर चालणारें ३३०० मेगावॅटचें औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथली वीज आपल्या राज्याला पुरविली जाते. शहरांतल्या ध्यानमंदिराची गार हवा आणि तिरोड्याच्या चिमणीचा धूर हीं एकाच तारेचीं दोन टोंकें आहेत. वीज वापरूं नये असें सांगण्याचा वेडेपणा आम्ही करीत नाहीं. परंतु धुराच्या बाजूला डोळे मिटून आणि पाण्याच्या बाजूला डोळे उघडून बसणें, याला 'खरें पाहणें' म्हणतां येणार नाहीं.

कोणी विचारील कीं, मग जाऊंच नये काय? अवश्य जावें. मात्र आमची एक सूचना आहे. पावसाळ्यांत अभयारण्याचीं दारें बंद असतात आणि मोटारवाले फिरकत नाहींत. नेमक्या त्या दिवसांत जावें. वाघ दिसणार नाहीं, टेकड्या ढगांत जातील, तलावाचें पाणी गढूळ असेल, आणि वाटेवर चिखल. बांधावरून उतरून खालच्या बांध्यांकडे गेलें तर पऱ्हे उपटून जुड्या बांधण्याचें काम चाललेलें दिसेल, आणि पलीकडच्या चिखलांत कमरेंतून वांकलेल्या बायांची रांग एक एक पाऊल मागें सरत रोप लावीत असेल. तेथें बसण्यास कोरडी जागा मिळणार नाहीं. परंतु उभें राहून रिकाम्या हातांनीं पाहत बसण्याचेंहि कारण नाहीं. रोवणीच्या दिवसांत त्या भागांत माणसें नेहमींच कमी पडतात.